मागच्या खोलीतला वारा

चैत्र संपत आला होता. कारंज्याच्या बाजारामागच्या गल्लीत दुपारी उभं राहवत नव्हतं, तरी सैफुद्दीन मिस्त्री दुकानाच्या ओट्यावर बसून एका बादलीला नवं बूड लावत होता. इंझोरीचे दौलतराव बंडीतून उतरले ते सरळ त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. रामराम नाही, की बसणं नाही.

"मिस्त्री, त्या बंद पडलेल्या जिनातला पंखा म्या घेतला," ते म्हणाले. "लोखंडी, मोठा. तो माह्या घराले लावायचा हाये. खसाच्या तट्ट्यांतून हवा ओढायची, गार करायची, अन् पत्र्याच्या नळातून खोल्याखोल्यात सोडायची. नागपुरात एका बंगल्यात पाह्यलं म्या. तुमाले जमते?"

सैफुद्दीननं उभी पंचवीस वर्षं कापसाच्या जिनांमध्ये नळ बसवले होते. सरकी काढलेली रुई पंख्याच्या जोरावर ज्या नळांतून उडत जाते ते नळ. वाऱ्याशी त्याची ओळख होती ती एवढीच. माणसांसाठी गार हवा त्यानं कधी कुठं नेली नव्हती.

"पहिले केलं हाये का असं काम?" दौलतरावांनी विचारलं.

"केलं ना मालक. हवेचे नळच तं करतो मी. सारी जिंदगी त्याच्यात गेली."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. पण दौलतराव तोवर खाली बसले होते, डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला होता, आणि आवाज एकदम उतरला होता.

"पोरीसाठी हाये," ते म्हणाले.

दौलतरावांची मुलगी गोमती रिठदला दिली होती. दोन वर्षांपूर्वी ऐन ज्येष्ठात तिचं पहिलं बाळंतपण झालं. बंद खोली, खाटेखाली शेगडी, आणि बाहेर आग ओतणारं ऊन. ताप डोक्यात गेला, झटके आले. मूल गेलं, आणि गोमती बारा दिवस माणूस ओळखत नव्हती. आता तिला पुन्हा दिवस होते, आणि दिवस भरत होते ते वैशाखातच. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिला अंगानं तापू देऊ नका, तिची खोली गार ठेवा. बंडीच्या धक्क्यांत तिला अकोल्याला नेणंही आता धोक्याचं होतं.

"उद्या येतो मापं घ्यायले," सैफुद्दीन म्हणाला. ते राहिलेलं वाक्य त्यानं गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो धाकट्या भावाला, निजामुद्दीनला घेऊन इंझोरीला पोचला. दौलतरावांचं घर तीन वर्षांपूर्वीच बांधलेलं, पक्क्या विटांचं. वर टिनाचं छप्पर, आणि त्याखाली फळ्यांचा ठेंगणा माळा. पुढं बैठक, मधे माजघर, आणि सगळ्यात मागं बाळंतिणीची खोली. विहीर पुढच्या अंगाला होती. तट्ट्यांवर दिवसभर पाणी मारायचं तर पंखा विहिरीजवळच, म्हणजे बैठकीशेजारी बसवणं भाग होतं. पंख्यापासून मागच्या खोलीपर्यंत दोरी धरली तर ती बेचाळीस फूट भरली.

माप घेताना मागच्या खोलीच्या दारात तो थांबला. आत खाटेवर गोमती बसली होती. पायावर सूज, डोक्यावर ओलं फडकं. वय वीस-एकविसाचं असेल, पण डोळे थकलेल्या बाईचे.

"चाचा," तिनं विचारलं, "एवढ्या लांब येईन का वारा?"

"येईन बेटा. काहून नाई येनार?"

कोपऱ्यात बसलेली सुंदरबाई सुईण फणकारली. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती. "बाळंतिनीले वारा? म्या अशी गोष्ट जन्मात आयकली नाई. बाळंतिनीले शेक लागते. वारा लागला की अंग आखडते, पोराले सर्दी होते. डाक्टर काय बाळंत झाला हाये कधी?"

गोमतीची आई, प्रयागबाई, दारातच उभी होती. सैफुद्दीनकडं तिनं अशा नजरेनं पाहिलं की त्याला मापाची दोरी गुंडाळायला दोनदा सुरुवात करावी लागली.

नळ किती जाडीचा करायचा याचा विचार त्यानं फार केलाच नाही. जिनातली सवय हातात बसलेली होती. आठ इंची गोल नळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा. जिनात नळ मोठा ठेवला की वारा मंदावतो, रुई तळाला बसते आणि नळ तुंबतो. म्हणून अरुंद नळ आणि जोराचा वारा हे त्याचं गणित. निजामुद्दीननं पत्रा कापताना एकदा विचारलं होतं, "भाईजान, याच्यातून रुई थोडीच जानार हाये?"

"तू कातर चालव," सैफुद्दीन त्याच्यावर खेकसला. खेकसला, कारण तोच प्रश्न त्याच्याही मनात आला होता आणि त्याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं.

आठ दिवसांत नळ तयार झाला. तो माळ्यावरून नेला, प्रत्येक खोलीत छताजवळ हवेसाठी सारख्याच मापाचं एक तोंड काढलं. विहिरीजवळ लाकडी पेटीत पंखा बसवला, पेटीच्या तिन्ही अंगांना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, तट्ट्या, आणि पंख्याच्या आसाला पट्ट्यानं जोडलेलं एक भलंमोठं चाक. ते चाक दोन गड्यांनी हातानं फिरवायचं. दौलतरावांचे सालदार, जगदेव आणि मदनसिंग, दोघेही दंडानं भरीव होते.

चालू करायच्या दिवशी दौलतरावांनी गावातली चार मोठी माणसं बैठकीत बोलावली. जगदेव आणि मदनसिंगनं चाक फिरवलं. आधी नळात खडखड झाली, मग असा आवाज उठला की गोठ्यातल्या गाईंनी कान टवकारले. नळ कोल्ह्यासारखा विव्हळत होता. पण बैठकीच्या तोंडातून खसाच्या वासाचा गार वारा धाडकन खाली आला, एकाची टोपी उडाली, आणि सगळे हसले. "वा दौलतराव! कमाल केली!" असं काहीबाही बोलत माणसं तोंडाखाली जाऊन उभी राहिली.

सैफुद्दीन हसला नाही. तो मागच्या खोलीकडं धावला.

तिथं प्रयागबाई स्टुलावर चढून नळाच्या तोंडाशी हात धरून उभी होती. गोमती खाली बसून वर पाहत होती. तिच्या मांडीवर वातींसाठी पिंजलेला कापूस होता. तिनं त्यातून एक लांब सूत वळलं आणि आईकडं दिलं. "तोंडाले बांध माय. हातानं समजत नाई."

सूत बांधलं. ते सरळ खाली लोंबत राहिलं. समोरून नळाचा विव्हळणारा आवाज येत होता, बैठकीतून हसण्याचा आवाज येत होता, आणि सूत हलत नव्हतं.

"हालत नाई चाचा," गोमती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. जे दिसलं तेवढंच तिनं सांगितलं.

सैफुद्दीननं स्वतः स्टुलावर चढून तोंडाशी गाल नेला. एक कोमट झुळूक लागल्यासारखी वाटली, तीही खोलीतल्या हवेपेक्षा गरम. तो शिडीवरून माळ्यावर गेला. टिनाखाली श्वास घेववत नव्हता. नळावर हात ठेवला आणि झटक्यात मागं घेतला. बैठकीपासून इथवर येईतो नळ तव्यासारखा तापला होता. गार हवा थोडीशी निघत होती, त्यातली बरीच बैठक आणि माजघर खाऊन टाकत होतं, आणि उरलेली वाटेत भाजून निघत होती.

तो माळ्यावर तसाच बसून राहिला. खालून जगदेवचा आवाज आला, "मिस्त्री, थांबू का फिरवू?" "थांबवा," त्यानं वरूनच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ज्या खोलीत त्या पोरीचा जीव जाता जाता राहिला तशीच एक खोली त्यानं तिच्यासाठी पुन्हा तयार ठेवली होती, आणि वरून एक विव्हळणारा नळ.

बैठकीतले पाहुणे निघून गेल्यावर तो दौलतरावांसमोर उभा राहिला.

"मालक, मांगच्या खोलीत हवा पोचत नाई."

"मंग चाक जोरात फिरवा म्हना."

"जोरानं होनार नाई. नळच चुकला." मग, आता थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही असं वाटून, तो एका दमात बोलून गेला. "तुमी इचारलं होतं, पहिले केलं का म्हनून. मी रुईसाठी नळ केले. मानसासाठी कधीच नाई. तवा सांगाले पाहिजे होतं. नाई सांगितलं."

दौलतरावांचा चेहरा लाल झाला. "मंग तुमी हो काहून म्हनले? माह्या पोरीचा जीव हाये तो! बादली हाये का तुमची, की गळली तं पुन्हा डाग देला?"

सैफुद्दीन मान खाली घालून उभा होता. निजामुद्दीन दाराबाहेर हत्यारं गोळा करू लागला. त्याला वाटलं, आता इथून हाकलून देणार.

तेवढ्यात प्रयागबाई बैठकीच्या दारात आली. पुरुषांच्या बैठकीत ती सहसा पाऊल टाकत नसे. "सुंदरबाई म्हनते आठ दिवस हायेत, लय झाले तं दहा," ती म्हणाली. "मिस्त्री, तुमाले दुरुस्त कराले किती दिवस लागतात?"

"पाच. पन बाईसाहेब, पाच दिवसांत होईनच असं आता मी म्हनत नाई. मी शोधतो. जे समजन ते खरं सांगतो."

"मंग शोधा. अकोल्याहून दुसरा मिस्त्री येईस्तोवर पोरगी बाळंत होऊन जाईन." ती नवऱ्याकडं वळली. "तुमचं बोलनं पाच दिवसांनी पुरं करा."

फेटा उचलून दौलतराव गोठ्याकडं निघून गेले.

सैफुद्दीननं आधी बैठकीचं तोंड गोणपाटाचा बोळा घालून बंद केलं, मग माजघराचंही. मागच्या खोलीत सूत थोडंसं हललं. म्हणजे पहिल्या दोन खोल्या हवा खात होत्या हे खरं, पण दोघींना उपाशी ठेवूनही शेवटच्या खोलीचं पोट भरत नव्हतं. मुळात नळच तेवढा नव्हता.

त्यानं सगळा नळ पंख्यापासून सोडवला. पंख्याच्या तोंडाला फळ्यांची एक चौकट ठोकली, हवी तेवढी उघडता येईल अशी. समोर गोमतीनं वळून दिलेलं सूत काठीला बांधलं. जगदेव आणि मदनसिंगला सांगितलं, एका लयीत फिरवा, विहिरीची मोट हाकता तसं, दमायचं नाही. चौकट अरुंद ठेवली की सूत आडवं ताठ होऊन फडफडायचं आणि फळ्या शिट्टी घालायच्या. गड्यांना चाक जड जायचं. तो एकेक फळी सरकवत गेला. चौकट दोन फूट रुंद आणि एक फूट उंच झाली तेव्हा शिट्टी थांबली. सूत फडफडेनासं झालं, नुसतं कलून राहिलं. आणि जगदेव म्हणाला, "मिस्त्री, आता चाक हलकं झालं. असं दिवसभर फिरवू शकतो आमी."

सैफुद्दीन त्या कललेल्या सुताकडं पाहत उभा राहिला. पंचवीस वर्षं त्यानं वाऱ्याला फक्त पळवलं होतं, कारण रुईला जोर लागतो. माणसाला जोर नको असतो. माणसाला भरपूर हवा हवी, सावकाश आलेली. अरुंद नळात पंखा आणि गडी दोघंही नुसते नळाशी भांडत होते.

त्यानं खडूनं फरशीवर आकडे मांडले. एक फूट उंची सगळीकडं सारखी ठेवायची. पंख्याजवळ रुंदी चोवीस इंच. बैठकीला चौथा हिस्सा द्यायचा, म्हणजे पुढं नळ अठराचा. माजघराला चौथा हिस्सा, म्हणजे पुढं बाराचा. तो बाराचा नळ सबंध मागच्या खोलीत उतरवायचा. निम्मी हवा एकट्या गोमतीला. जिथं हवा कमी झाली तिथं नळ तेवढाच कमी करायचा, म्हणजे वारा वाटेत मरणार नाही आणि धावणारही नाही. जिथं नळ काटकोनात वळत होता तिथं वळण गोल करायचं. आणि नळाच्या चहूबाजूंनी तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, भरलेली गोणपाटं लावायची, टिनाची धग आत शिरू नये म्हणून.

"बैठकीले चौथाच हिस्सा?" खडूच्या रेघांपाशी येऊन उभ्या राहिलेल्या दौलतरावांनी विचारलं. ते कधी आले ते कळलं नव्हतं.

"चौथाच, मालक. तोही बंद करता येईन असा."

दौलतराव रेघांकडं पाहत राहिले. "द्या," ते म्हणाले. "नाई देला तरी चालते."

अडचण पत्र्याची होती. जुना नळ उघडून सपाट केला तरी नव्या नळाला निम्मासुद्धा पुरत नव्हता. कारंज्यात त्या मापाचा पत्रा संपला होता, अकोल्याहून यायला आठवडा लागला असता. तेव्हा निजामुद्दीन म्हणाला, "रॉकेलचे डबे फाडले तं?" दौलतरावांनी गावात निरोप धाडला, आणि संध्याकाळपर्यंत दारात रिकाम्या डब्यांचा ढीग लागला. कोणी धान्य काढून डबा आणला, कोणी तुळशीची माती उपसून.

पण डब्यांना रॉकेलचा वास. तोच वास बाळंतिणीच्या खोलीत जायचा. प्रयागबाईनं शेजारच्या बायका बोलावल्या. अंगणात चूल पेटवून राखेचं कडक पाणी उकळलं, आणि एकेक पत्रा नारळाच्या शेंडीनं घासायला सगळ्या बसल्या. घासून झाला की प्रयागबाई स्वतः पत्र्याला नाक लावून पाहायची. वास आला तर पुन्हा घासायला द्यायची.

तिसऱ्या दिवशी ऊन असं चढलं की दुपारी अंगणातली कातर हातात धरवेना. गोमतीला चक्कर आली. तिला उलटी झाली, अंग तापलं. घरातली धावपळ, ओल्या चादरी, "पोरी, डोळे उघड व," हे प्रयागबाईचं हलक्या आवाजातलं बोलणं, सगळं सैफुद्दीनला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. कडा दुमडताना त्याची नजर सुटली आणि पत्र्यानं तळहात चिरला. निजामुद्दीननं चिंधी बांधली आणि म्हणाला, "भाईजान, घडीभर थांबा."

"थांबू?" सैफुद्दीन म्हणाला. "तो आवाज थांबला तं थांबतो."

संध्याकाळी गोमतीचं अंग निवलं. तिनं पेज घेतली. पण त्या दिवसापासून सैफुद्दीन आकाशाकडं पाहायचा तो उन्हाकडं पाहण्यासाठी नाही, किती वेळ उरला ते मोजण्यासाठी. समोर आलेली भाकर तो तशीच परत धाडायचा. सुंदरबाई खोलीतून बाहेर आली की तो काम सोडून तिच्या तोंडाकडं बघायचा. ती म्हणायची, "अजून नाई. तुमी ठोका." ते ऐकल्यावरच त्याची मोगरी पुन्हा चालायची.

पाचव्या दिवशी सकाळी मात्र ती बाहेर आली ती पदर खोचूनच. "सुरू झालं," ती म्हणाली. "पानी तापवा."

अजून नळाचे दोन तुकडे जोडायचे राहिले होते, नेमके मागच्या खोलीवरचे. सैफुद्दीन आणि निजामुद्दीन माळ्यावर चढले. ऊन वर येत होतं आणि डोक्यापासून हातभर अंतरावर टिन तापत होतं. गुडघ्यांवर सरपटत त्यांनी पहिला तुकडा बसवला, पत्रे जोडणाऱ्या रिपिटा मारल्या, सांध्यावर चिकणमाती आणि गोणपाट लिंपलं. खाली, फळ्यांखाली, गोमती कण्हत होती. ती कण्हायची थांबली की सैफुद्दीनचा हात थांबायचा. पुन्हा सुरू झाली की हात चालायचा.

दुसरा तुकडा सांध्यात बसेना. पावपाव इंचानं अडत होता. घाम डोळ्यांत जात होता, चिरलेल्या हाताची चिंधी ओली झाली होती. "कातर दे," तो म्हणाला, पण आवाज निघालाच नाही. त्याच्या डोळ्यांसमोर काळं आलं. निजामुद्दीननं त्याला दोन्ही काखांत धरून शिडीपर्यंत ओढत नेलं, खाली उतरवून विहिरीजवळ निजवलं आणि तोंडावर पाणी मारलं.

"तुमी पडून राहा. मी बसवतो."

"कड उलीशी आत वाकव. कापू नको," सैफुद्दीन म्हणाला. "कापलं तं फट राहीन."

निजामुद्दीन वर गेला. खालून सैफुद्दीन त्याचे ठोके ऐकत होता. एक. दोन. मग बराच वेळ काही नाही. मग भराभर पाचसहा. मग निजामुद्दीनचं ओरडणं, "बसला भाईजान!"

"फिरवा!" सैफुद्दीन उठून बसला.

जगदेव आणि मदनसिंगनं चाक फिरवलं. दौलतराव स्वतः तट्ट्यांवर पाणी ओतत होते. सैफुद्दीननं कान दिला. आवाज नव्हता. "पट्टा सरकला का?" त्यानं विचारलं. "पंखा फिरून राह्यला का?"

"फिरून राह्यला ना!" जगदेव म्हणाला. "पाहा."

पंखा फिरत होता. पण नळ मुका होता. सैफुद्दीन भिंतीला धरत धरत घराला वळसा घालून मागच्या खोलीच्या खिडकीपाशी गेला. खिडकी बंद होती, आतून अजून कोणाचा शब्द आला नव्हता. दार वाजवायचं धाडस त्याला होईना. तो तसाच उभा राहिला, कपाळ भिंतीला टेकवून. भिंत गरम होती.

मग आतून प्रयागबाईचा आवाज आला. ती त्याच्याशी बोलत नव्हती, मुलीशी बोलत होती. "पाह्य गोमती, वर पाह्य. म्या बांधलेलं सूत कसं कललं. आला व वारा. लागते ना? तोंडावर लागते ना?"

गोमतीचं उत्तर त्याला ऐकू आलं नाही. पण सुंदरबाई म्हणाली, "आता ध्यान इकडं दे. वारा मंग खा." तेवढं ऐकून तो खाली बसला.

दुपारभर चाक थांबलं नाही. जगदेव दमला की दौलतराव लागायचे, मदनसिंग दमला की निजामुद्दीन. गावातले दोघंतिघं आपणहून येऊन रांगेत बसले. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. सैफुद्दीन तट्ट्यांभोवती फिरत होता, कुठं कोरडी जागा दिसली की लोटा रिकामा करत होता. एकदा दौलतरावांनी चाक फिरवता फिरवता विचारलं, "मिस्त्री, मांगं पोचत असन ना सारखं?" आणि सैफुद्दीन म्हणाला, "पोचून राह्यलं मालक." मग त्यालाच राहवेना, म्हणून तो पुन्हा खिडकीपाशी जाऊन आला.

चार वाजायच्या सुमाराला मुलाचं रडणं आलं. बारीक, तुटक, मग सलग. दौलतरावांचे हात चाकावरच थिजले.

"फिरवा मालक, फिरवा," सैफुद्दीन म्हणाला. "अजून ती आत हाये."

प्रयागबाई माजघरातून येऊन दारात उभी राहिली. "पोरगी झाली," तिनं सांगितलं. "गोमती बोलते. अंगाले घाम हाये, ताप नाई." मग तिनं चौकट धरली आणि पदरात तोंड घालून रडू लागली.

पण तेवढ्यात तिच्यामागून सुंदरबाई बाहेर आली, हात अजून ओले. "ते बंद करा आता!" ती ओरडली. "वाऱ्यानं पोर गारठून राह्यलं. लेकराले ऊब लागते, मी पहिल्यापासून सांगून राह्यली."

"बंद केलं तं गोमती तापन," प्रयागबाई डोळे पुसत म्हणाली. "मांगच्या खेपेले असंच झालं. बाळ झाल्यावर ताप चढला होता."

"मंग लेकरू मारता का?"

दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. दोघींचंही खरं होतं, आणि दौलतराव कधी हिच्याकडं तर कधी तिच्याकडं पाहत होते. सैफुद्दीन मधे बोलला. "घडीभर द्या. बंदही करत नाई, उघडंही ठेवत नाई."

उरलेल्या डब्यांतून त्यानं एक सपाट पत्रा कापला. तोंडाएवढा. वरच्या कडेला दोन बाजूंना खिळे, खालच्या कडेला भोक पाडून दोरी. प्रयागबाईनं गोमतीवर चादर ओढली, मग त्याला आत घेतलं. त्यानं मान वर करून, इकडं तिकडं न पाहता, स्टुलावर चढून तोंडावर झडप बसवली. दोरी ओढली की झडप मिटायची, सोडली की वाऱ्यानं उघडायची.

"धरा," तो सुंदरबाईला म्हणाला आणि दोरीचं टोक तिच्या हातात दिलं. "आईले पाहिजे तं सोडा, लेकराले नको तं ओढा. तुमाले समजते, मले नाई समजत."

सुंदरबाईनं दोरीकडं संशयानं पाहिलं. ओढली. वारा थांबला. सोडली. वारा आला. पुन्हा अर्धी ओढून तिनं हात धरून पाहिला, मग मुलीला फडक्यात घट्ट गुंडाळून खाटेच्या पलीकडं, वाऱ्याच्या आडोशाला ठेवलं. "हे ठीक हाये," ती म्हणाली. "इतलं चालते."

"चाचा," खाटेवरून गोमतीचा क्षीण आवाज आला. सैफुद्दीननं मान वळवली नाही. "सूत काढू नका. त्याच्याकडं पाहत होती मी."

"नाई काढत बेटा."

बाहेर येऊन तो विहिरीच्या कट्ट्यावर बसला. आता सालदारांनी चाक सावकाश चालवलं होतं, सुंदरबाईच्या हुकमानं. तो हुकूम पुढं सव्वा महिना रात्रंदिवस चालणार होता. वळवाचा पाऊस येईपर्यंत सुंदरबाईनं ती दोरी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. पण त्या संध्याकाळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सैफुद्दीनला तर फक्त एवढंच कळत होतं की आता कानाला कण्हणं येत नाही.

प्रयागबाईनं पळसाच्या पानावर ज्वारीची भाकर, पातोडीची भाजी आणि कांदा धाडला. दौलतराव स्वतः पान घेऊन आले, ते दोघा भावांसमोर ठेवलं आणि तिथंच, कट्ट्यावर, सैफुद्दीनपासून हातभर अंतरावर बसले. त्यांच्याही तळहातांना चाकाचे फोड आले होते.

सैफुद्दीननं भाकर उचलली. ती मोडता येईना. चिरलेला हात मिटत नव्हता. निजामुद्दीननं त्याच्या हातातून भाकर घेतली, तिचे तुकडे केले, भाजीत बुडवले आणि पान त्याच्याकडं सरकवलं.

"खा भाईजान," तो म्हणाला. "दोन दिवस झाले."

सैफुद्दीन जेवू लागला.